कुतूहलाचाही हक्क



आपल्यातल्या बऱ्याच जणींना आयुष्यात एकदा तरी आकाशातला तारा मुद्दाम दाखवला गेला असेल, आणि तो लग्नाच्या दिवशी. भटजींनी बोट वर केलं, आपण मांडवाच्या कापडाकडे बघत मान डोलावली आणि अरुंधती दिसली असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. वसिष्ठाच्या शेजारी ती कशी निष्ठेनं उभी आहे, एवढाच त्यातला धडा. ती किती लांब आहे, तिथं नेमकं काय आहे, हे कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. नवरीनं प्रश्न विचारायचे नसतात.

हे आठवायचं कारण आमचा एक वस्तीगट. तिथल्या बायका इमिटेशनच्या दागिन्यांत खडे चिकटवायचं काम घरी आणून करतात. मजुरी डझनावर, त्यामुळे बैठकीतही हात थांबत नाहीत. एकदा मी लवकर पोहोचले आणि कानात इअरफोन घालून फोनवर काहीतरी ऐकत बसले होते. एकीनं विचारलं, "ताई, एवढं काय ऐकता हो? गाणी का?" मी म्हटलं, "नाही, ताऱ्यांबद्दल चाललंय." इअरफोन काढून तिला ऐकवलं. सगळं इंग्रजीत. ती म्हणाली, "मग आम्हालाही सांगा की."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी अर्धा तास आम्ही खगोलशास्त्राचे पॉडकास्ट ऐकतो. फोन मधे ठेवायचा, दोन-तीन मिनिटं ऐकायचं, थांबवायचं, मी मराठीत सांगायचं. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय, विज्ञान दहावीनंतर सुटलं. त्यामुळे अडते. अडलेला प्रश्न वहीत लिहून घेते, पुढच्या गुरुवारी उत्तर शोधून आणते.

पॉडकास्ट हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा रेडिओसारखाच कार्यक्रम, पण त्याची वेळ आपण ठरवायची. हवा तेव्हा फोनवर सुरू करायचा, हवा तेव्हा थांबवायचा. २००४ साली इंग्लंडच्या 'गार्डियन' दैनिकातल्या एका लेखात हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला. पण आकाशाची गोष्ट कानानं ऐकवायची कल्पना त्याहून जुनी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेसाठी डेबोरा बर्ड या बाईंनी टेलिफोनवर एक संदेशसेवा सुरू केली. फोन लावायचा आणि आज रात्री आकाशात काय दिसेल ते ऐकायचं. त्यातूनच पुढच्या वर्षी 'स्टारडेट' हा रेडिओ कार्यक्रम निघाला. २००६ मध्ये 'ॲस्ट्रॉनॉमी कास्ट' सुरू झाला. त्यात पामेला गे ही खगोलशास्त्रज्ञ बाई आणि फ्रेझर केन हा पत्रकार गप्पा मारत एकेक विषय उलगडतात. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जॉड्रल बँक वेधशाळेच्या मंडळींनी 'जॉडकास्ट' काढला. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होतं. तेव्हा '३६५ डेज ऑफ ॲस्ट्रॉनॉमी' निघाला. रोज एक भाग, आणि तो ऐकणाऱ्यांनीच तयार करून पाठवायचा. म्हणजे या माध्यमात बायका पहिल्यापासून आहेत, आणि ऐकणाऱ्यानं बोलायलाही वाव आहे. हे लक्षात ठेवूया, पुढे उपयोगी पडेल.

एका गुरुवारी वसिष्ठ-अरुंधतीचा विषय निघाला. दोघंही आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षं लांब. आज डोळ्यांत शिरणारा उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या आज्या पोरी होत्या. शिवाय वसिष्ठ हा एक तारा नाहीच, तो चार ताऱ्यांचा समूह आहे. अरुंधतीलाही एक जोडीदार तारा आहे, हे २००९ साली लक्षात आलं. एकूण सहा. गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशी हातातला खडा तसाच धरून म्हणाल्या, "आम्हाला जोडपं म्हणून दाखवलं, ते तर खटल्याचं घर निघालं!" हसून हसून काम थांबलं. मग मावशींनीच सांगितलं, की त्यांच्या गावाकडे सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणतात आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज चोरायला आलेले चोर. पहाटे शुक्राची चांदणी बघून त्या दळायला उठत. आकाश बायकांना नवीन नव्हतंच. त्याबद्दल विचारायची सवय तेवढी सुटली होती.

हे सगळं मी आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत उत्साहानं सांगितलं. एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "रेशनकार्डांचे अर्ज पडून आहेत, मारहाणीच्या दोन केसेस उभ्या आहेत, आणि तू बायकांना तारे ऐकवतेस? याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. मी लगेच ग्रहणाचं उत्तर दिलं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतभर खग्रास चंद्रग्रहण दिसलं. त्या रात्रीही आपल्या वस्त्यांमध्ये गरोदर बायकांना आत बसवलं गेलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही. बाळाचा ओठ फाटका निघाला तर दोष आईच्या हातातल्या विळीचा. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते आणि शिक्षा बाईला होते. सावल्यांचा हा खेळ जिला समजला ती सुनेला उपाशी ठेवणार नाही. बैठकीत सगळ्यांना हे पटलं.

घरी जाताना मात्र मलाच ते अपुरं वाटलं. कारण मी पुन्हा उपयोगच दाखवला होता. आकाशवाणीवरच्या 'वनिता मंडळा'पासून आपल्या आजच्या शिबिरांपर्यंत बाईला दिलेल्या ज्ञानाची यादी करून बघा. बाळाचा आहार, लसीकरण, रक्तातलं लोह, गर्भाशयाचे आजार, बचतगटाचा हिशोब. यातलं काहीही अनावश्यक नाही, यासाठी आपण भांडलो आहोत आणि भांडत राहू. पण या सगळ्याखाली एक गृहीत आहे. बाईला कळलेलं घराच्या, मुलांच्या, नाहीतर निदान तिच्या शरीराच्या कामी आलं पाहिजे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा चहाच्या टपरीवर पुरुष तासभर चर्चा करत उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, याचा तुम्हाला उपयोग काय? त्यांचं कुतूहल ही त्यांची हौस. आपलं कुतूहल म्हणजे वेळेचा अपव्यय. ही विभागणी आपण चळवळीतही नकळत चालवतो, हे मला त्या दिवशी जाणवलं. म्हणून हा मजकूर.

कुतूहलाला वेळ लागतो, आणि वेळ कुणाकडे आहे? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. साधन कुणाकडे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आणि फोन असला तरी इअरफोन घातलेली पोरगी घरात दिसली की पहिला प्रश्न येतो, "कुणाशी बोलतेस गं?" ती शनीच्या कड्यांबद्दल ऐकते आहे हे सांगून कुणाला पटणार?

तरीही ऐकण्यात एक सोय आहे. वाचायला हात रिकामे लागतात, बघायला डोळे लागतात. ऐकणं भाकरी थापताना होतं, खडे चिकटवताना होतं. अक्षर न आलेल्या बाईलाही होतं. आणि बघण्यावाचून आकाश कळत नाही हेही खरं नाही. पोर्तो रिकोच्या वांदा दियाझ-मर्सेड या शास्त्रज्ञ बाईंची दृष्टी शिकत असतानाच गेली. त्यांनी दुर्बिणींनी टिपलेल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करून, सूर चढतो कुठे, उतरतो कुठे ते ऐकत संशोधन चालू ठेवलं. पोकळीतून आवाज येत नाही, तेव्हा ताऱ्यांचा म्हणून जो आवाज ऐकवतात तो असा आकड्यांपासून केलेला असतो. आमच्या गटात ही गोष्ट झाली तेव्हा एक बाई, जिच्या मुलीला दिसत नाही, काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी मुलीला घेऊन आली.

अजून एक गोष्ट या ऐकण्यातून होते. विज्ञानातल्या बायका नावानिशी भेटतात. बीबीसीच्या 'द लाइफ सायंटिफिक' या मालिकेत २०११ साली जॉसलिन बेल बर्नेल बोलल्या. १९६७ मध्ये केंब्रिजला विद्यार्थिनी असताना त्यांनी इतरांबरोबर खांब ठोकून, तारा ओढून उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्या तपासता तपासता पल्सार नावाचे तारे शोधले. १९७४ चं नोबेल मिळालं त्यांच्या मार्गदर्शकाला आणि दुसऱ्या एका पुरुष शास्त्रज्ञाला. वार्ताहर यांना विचारत होते, तुमचे मित्र किती? २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते त्यांनी भौतिकशास्त्रात संधी नाकारल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं. खांब ठोकण्याचा भाग आमच्या बायकांना सगळ्यांत आवडला. राबायचं हिनं आणि नाव दुसऱ्याचं, हे समजावून सांगावं लागलं नाही.

एकीनं विचारलं, "अंतराळात पाळी आली तर?" वहीतला प्रश्न शोधायला गेले तर सॅली राइड सापडल्या. १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या त्या पहिल्या अमेरिकन बाई. आठवडाभराच्या सफरीसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं नासाच्या इंजिनिअरांनी त्यांना विचारलं होतं. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं! त्या दुपारी आम्ही किती हसलो ते लिहीत नाही. पण पाळीबद्दल इतकं मोकळं बोलणं आमच्या आरोग्य शिबिरातही झालं नव्हतं.

आता उणिवाही सांगायला हव्यात. मी नावं घेतली ते सगळे पॉडकास्ट इंग्रजी. बोलणाऱ्यांचे विनोद शिकलेल्यांनाच कळणारे. मुख्य म्हणजे ऐकणारी एकटी, कानात बोळा घालून बसलेली, आणि तिचा प्रश्न तिच्याचपाशी राहतो. यावरचा उपाय आपल्याच मातीत होऊन गेला आहे. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोनं पुणे परिसरातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, ठरवायचं, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचं मूल्यमापन केलं. १९९१ मध्ये 'मानव का विकास' ही १४४ भागांची विज्ञानमालिका आकाशवाणीनं अनेक भारतीय भाषांतून सुरू केली. २००८ मध्ये तेलंगणात, झहीराबाद परिसरातल्या दलित शेतकरी बायकांनी 'संगम रेडिओ' सुरू केला. त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. म्हणजे एकत्र ऐकणंही आपल्याला जमतं आणि स्वतः बोलणंही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं महिन्यातून एक तास असा ठेवावा, ज्याचा काहीही उपयोग असायची अट नाही. एक फोन, जमलं तर छोटा स्पीकर, इंग्रजी समजणारी एक कार्यकर्ती किंवा कॉलेजला जाणारी मुलगी, आणि एक वही. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं, शोधून आणायचं. पुढे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या बोलीत पाच मिनिटांचा भाग फोनवरच बोलून भरावा. म्हातारीच्या बाजेपासून सुरुवात करता येईल.

कानावर मात्र थांबायचं नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या आजूबाजूच्या शेतांत आपल्या बायका खुरपायला जातात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तो प्रकल्प लोकांना दाखवायची प्रथा आहे. गटानं चौकशी करून जावं. आणि आकाश बघायचं तर रात्री बाहेर पडावं लागतं. रात्र आमचीही आहे, ही घोषणा आपण मोर्चात दिली आहे. गच्चीवर चटई टाकून दहाजणींनी तासभर पडून राहणं हीसुद्धा तीच मागणी आहे.

२ ऑगस्ट २०२७ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळ्याचे दिवस, ढग आडवे येतीलही. तरी आतापासून तयारी करूया. ग्रहणाचे खास चष्मे आणूया, उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही हे सगळ्यांना सांगूया. आणि त्या संध्याकाळी वस्तीतली एकही गरोदर बाई, ती बाहेर यायला तयार असेल तर, आत बसवलेली नसेल एवढं बघूया.

मावशींनी परवा विचारलं, "सहा तारे म्हणता, मग त्यातली अरुंधती नेमकी कुठली?" या गुरुवारी अंधार पडल्यावर आम्ही गच्चीवर जाणार आहोत. तुमच्या गटात काय ऐकलं, कोणते प्रश्न निघाले, कुणी अडवलं का, हे जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.