समजून घ्या : चारा घरचा की विकतचा? हिशेब किलोवर नको, शुष्क पदार्थावर करा

दुधाला भाव नाही, अशी तक्रार राज्यात दरवर्षी होते. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावे लागले. दुधाचा भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. दुधाच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा मात्र चारा आणि खाद्याचा असतो आणि तो बराचसा त्याच्या हातात आहे. म्हणूनच चारा घरी तयार करायचा की विकत घ्यायचा, हा प्रश्न गोठ्याच्या नफ्या-तोट्याचा आहे.

तुलना करताना चूक कुठे होते?

कडबा आणि मुरघास यांचे भाव किलोला किलो लावून पाहिले जातात. कडब्यात पाणी जेमतेम १० टक्के असते, तर मुरघासात ६५ ते ७० टक्के. म्हणजे १ किलो कडब्याएवढा शुष्क पदार्थ मिळवायला सुमारे ३ किलो मुरघास लागतो. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गायीला दिवसाला साधारण १० ते १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. त्यामुळे खरा भाव म्हणजे शुष्क पदार्थाचा भाव.

आकड्यांत कसे मांडायचे?

पुढचे दर फक्त मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत. त्या जागी तुमच्या गावचे दर घाला.

घरचा मुरघास : एक एकर मक्याचा पेरणी ते काढणी खर्च, कुट्टी, बॅगा आणि मजुरी मिळून ३० हजार रुपये धरू. त्याच जमिनीत दुसरे पीक घेतले असते तर मिळाले असते, ते १५ हजार त्यात मिळवू. हिरवा मका १८ टन निघाला आणि घट जाऊन मुरघास १६ टन उरला, तर किलोला २ रुपये ८० पैसे पडतात. शुष्क पदार्थ ३० टक्के धरला तर किलोमागे ९ रुपये ४० पैसे.

विकतचा कडबा : शेकडा २ हजार, वाहतूक ३००, पेंढी २ किलोची. शुष्क पदार्थ किलोमागे १२ रुपये ८० पैसे. कुट्टी न करता टाकला आणि पाव हिस्सा पायाखाली गेला, तर हाच भाव १७ रुपयांवर जातो.

विकतचा मुरघास : ६ रुपये किलो. शुष्क पदार्थ किलोमागे २० रुपये.

म्हणजे घरचे नेहमी स्वस्तच?

नाही. वरच्या हिशेबात खर्च तेवढाच राहून मक्याचे उत्पादन एकरी साडेआठ टनांच्या खाली आले, तर विकतचा मुरघास स्वस्त ठरतो. त्यामुळे ज्याच्याकडे शेवटच्या दोन पाण्यांची खात्री नाही, त्याने घरच्या चाऱ्याचा हट्ट धरू नये. ते १५ हजार हिशेबातून वगळले, तर घरचा चारा सव्वासहा रुपयांना पडल्याचा भास होतो. जमीन घरची असली तरी फुकट नसते.

पाच गायींसाठी खड्डा करावा का?

गायीला दिवसाला १५ किलो धरले तर पाच गायींना ७५ किलो मुरघास लागतो. चांगल्या दाबलेल्या मुरघासाचे वजन घनमीटरला सुमारे ६०० किलो भरते. उघडा भाग हवेने खराब होऊ नये म्हणून रोज किमान १५ सेंटीमीटर थर निघायला हवा. या हिशेबाने खड्ड्याचे तोंड एक चौरस मीटरपेक्षाही लहान ठेवावे लागेल. मोठा खड्डा केला तर गायींच्या आधी बुरशीच खाईल. म्हणून लहान गोठ्याला बॅगा बऱ्या. वीस गायी असतील तर सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा चालतो.

घरी करताना काय सांभाळायचे?

दाणा दुधातून चिकात जाताना मका कापावा. कुट्टी मुठीत दाबून सोडावी. पाणी गळले तर मका ओला आहे, गोळा लगेच विस्कटला तर जास्त सुकला आहे, हळूहळू उलगडला तर योग्य. थरावर थर देत हवा काढून दाबावा आणि किमान ४५ दिवस उघडू नये. पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस वास ही चांगल्या मुरघासाची खूण. बुरशी आलेला भाग जनावराला घालू नये.

विकत घेताना?

कडबा पेंढ्या मोजून नको, वजन करून घ्यावा. ज्वारीच्या काढणीनंतर लगेच भाव उतरलेले असतात, उन्हाळ्यात तेच चढतात. मुरघास ६ रुपयांनी घेतला आणि त्यात पाणी ६५ टक्के असेल, तर शुष्क पदार्थ १७ रुपयांना पडतो. पाणी ७५ टक्के असेल तर २४ रुपयांना. बॅगवरचा भाव मात्र एकच.

मग करायचे काय?

पाण्याची सोय असलेल्याने पाच गायींमागे एक एकर चाऱ्यासाठी राखावा. खरीप आणि रब्बी अशी दोन पिके घेतली तर वरच्या हिशेबाने ३२ टन मुरघास मिळतो, गरज सुमारे २७ टनांची असते. कडबा काढणीच्या वेळी विकत घ्यावा. तो निव्वळ पोट भरण्यापुरता आहे, कारण त्यात प्रथिने मक्याच्या मुरघासापेक्षा बरीच कमी असतात.

दुष्काळात विकतचा चारा महागतो, शिवाय जिल्हाबाहेर नेण्यावर बंदी आली की पैसे असूनही मिळत नाही. २०१८-१९ मध्ये छावण्यांत जनावरे बांधण्याची वेळ अनेकांवर आली होती. वर्षभराचा सगळा चारा घरी करणे प्रत्येकाला परवडणार नाही. पण उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा तरी साठा गोठ्याशेजारी असावा. गायीमागे तो फक्त १८०० किलो भरतो.