टाके निघाले म्हणजे झाले का?



कॉस्मेटिक सर्जरी म्हणजे नटनट्यांची चैन, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो आता सोडायला हवा. नाकाचे वाकडे हाड, बाळंतपणानंतर लोंबणारी पोटाची कातडी, बाईच्या मानेला-खांद्याला न पेलणारे छातीचे वजन, तरुण मुलाची वाढलेली छाती, यांसाठी ऑपरेशन करून घेणारी माणसे आता आपल्या वस्त्यांतही आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत.

मुलांच्या छातीबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. तेरा-चौदाव्या वर्षी बऱ्याच मुलांची छाती थोडी वाढते आणि बहुतेकांची दोन-तीन वर्षांत आपोआप बसते. तेव्हा लगेच ऑपरेशनच्या मागे लागू नये. काही औषधांनी आणि व्यायामशाळेत गुपचूप मिळणाऱ्या ताकदीच्या इंजेक्शनांनीही छाती वाढते, ते आधी डॉक्टरांना खरे सांगावे. पण काहींची बसत नाही. असा मुलगा मे महिन्यातही दोन बनियन घालतो, सोबत्यांची टिंगल नको म्हणून कबड्डी सोडतो. पोलीस भरतीत छाती मोजतात, न फुगवता ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटर वाढावी लागते. तिथे शर्ट काढावा लागणार या धास्तीने फॉर्मच न भरणारा मुलगा मी पाहिला आहे. अशा मुलाला ऑपरेशनने मैदान परत मिळते. ही चैन म्हणता येणार नाही.

मात्र मैदानावर केव्हा उतरायचे, इथेच आपली माणसे फसतात. टाके निघाले की घाव भरला असे वाटते. वरून कातडी जुळते हे खरे, पण पहिल्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसते. तीन महिन्यांनी ती साधारण ८० टक्क्यांपर्यंत येते. पूर्ण शंभर टक्के कधीच होत नाही. शिवाय जोराचे श्रम केले की रक्ताचा दाब वाढतो, आत नुकत्या बंद झालेल्या बारीक शिरा उघडतात आणि कातडीखाली रक्त साठते.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे असेच झाले. छातीचे ऑपरेशन उत्तम झाले होते. बाराव्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला आणि तो गोणी उचलायला गेला. रात्री एक बाजू टणक होऊन फुगली. रक्त काढायला पुन्हा दवाखाना, पुन्हा ड्रेसिंग, आणखी तीन आठवडे घरी. चार दिवसांची मजुरी वाचवायला गेला आणि महिन्याची गमावली. त्याला दोष देऊन काय उपयोग? कायम नोकरीतल्या माणसाला रजा असते, रोजंदारीवाल्याला आराम म्हणजे उपास. मी हिशेबाच्या टेबलावरचा माणूस आहे, म्हणून सांगतो: ऑपरेशनच्या खर्चात डॉक्टरचे बिल आणि औषधे धरता, तशी सहा आठवड्यांची बुडणारी मजुरीही धरा. ती जमली नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. आरोग्य विम्यावरही भिस्त ठेवू नका. केवळ रूपासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च विमा कंपन्या देत नाहीत. अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यानंतरची दुरुस्ती असेल, किंवा उपचारासाठी ती आवश्यकच असेल, तर गोष्ट वेगळी.

आराम हा उपचारातच मोडतो, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात पुण्याकडच्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले, ते विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने. युरोपच्या डॉक्टरांनी ही रीत तिथून उचलली. रोगी बैल हाकणारा आणि वैद्य वीटवाला! त्या हकीकतीतही रोग्याला पाच-सहा दिवस उताणे पडून राहायला लावल्याचे लिहिले आहे.

मात्र आता सबंध दिवस पडून राहायला सांगत नाहीत. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात चालायचे, नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर देतात तो घट्ट पट्टा किंवा बनियन चार ते सहा आठवडे वापरायचा, उकडते म्हणून काढून ठेवायचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी झपझप चालणे, त्यानंतर हळू धावणे. जोर, वजन, गोळाफेक सहा आठवड्यांपूर्वी नको. कबड्डी, कुस्ती त्याच्याही पुढे, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. नाकाचे ऑपरेशन असेल तर चेंडू, कोपर, डोके लागेल असा खेळ किमान सहा आठवडे, पुष्कळदा तीन महिने बंद. भरतीची जाहिरात निघाल्यावर ऑपरेशन करण्याचा वेडेपणा तर करूच नका. १६०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांच्या आधी तीन महिने तरी मोकळे हवेत.

भगिनींनो, तुमच्याबद्दल वेगळे सांगतो. तुम्हाला कोणी 'व्यायाम करू नका' म्हटले की तुम्ही म्हणता, मी कुठे व्यायाम करते? पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोच्या वर वजन. नळावरून तो आणणे, पिळे घालणे, लेकराला कडेवर घेणे, हे सगळे डॉक्टरांच्या मनाईत येते. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे हंडा नवऱ्याने आणि मुलांनी भरावा. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, आपल्या तोंडून पटत नाही. आणि मिश्री बंद! तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, घावाला रक्त पोचत नाही. ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतर मिश्री, बिडी, तंबाखू काही नको.

एक बाजू अचानक फुगली, ताप आला, पू दिसला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

डॉक्टर आपल्याला नुसते 'हलके काम करा' सांगतात, कारण आपण काय काम करतो हे त्यांना माहीत नसते. तेव्हा सांगा: मी हमाली करतो, मी चार घरची धुणीभांडी करते, मी कबड्डीत चढाई करतो. यातले कोणते काम कोणत्या तारखेपासून, असे विचारून ते केसपेपरवर लिहून घ्या. ठेकेदाराला आणि कोचला दाखवायला उपयोगी पडते.