पिकाच्या अंदाजाचें गणित आणि त्याची विरळणी

पीकविम्याची भरपाई उत्पन्नाच्या ज्या आंकड्यावर ठरते, तो आंकडा आतां केवळ पीक-कापणीच्या प्रयोगांतून निघत नाहीं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ पासून भात व गहू या पिकांकरितां, उपग्रहाच्या व हवामानाच्या नोंदींवरून संगणकानें बांधलेल्या अंदाजासहि किमान तीस टक्के वजन देण्याचें धोरण आलें. तेव्हां हा अंदाज कसा बांधला जातो हें जाणणें केवळ गणितज्ञांचें काम राहिलेलें नाहीं. ज्याच्या शेतांत पीक बुडतें त्यानेंहि तें जाणलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

मूळ अडचण साधी आहे. समजा, एखाद्या मंडळाच्या उत्पन्नाचे आंकडे वीस वर्षांचे आहेत. दर आठवड्याचा पाऊस, कमाल व किमान उष्णतामान, हवेंतील दमटपणा, उपग्रहानें टिपलेली हिरवळ अशीं कारणें मोजूं गेल्यास तीं शंभरावर जातात. कारणें वर्षांहून अधिक झालीं म्हणजे प्रत्येकास हवें तें वजन देऊन मागील वीसहि वर्षांचा हिशेब पै-पैनें जुळवितां येतो. परंतु अशा जुळणींत ज्ञान कांहींच नसतें. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी जुन्या प्रश्नास अचूक उत्तर देतो व नव्या प्रश्नास अडखळतो. एकविसाव्या वर्षीं या गणिताची तीच गत होते.

शेतकीच्या शास्त्रांत ही अडचण नवी नव्हे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें ब्रॉडबाल्क नांवाच्या शेतांत १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. १९१९ सालीं तेथें आलेल्या रोनाल्ड फिशर यांनीं पाऊस व गहू यांचा संबंध शोधतांना वर्षाचे सहा-सहा दिवसांचे भाग पाडले. पण प्रत्येक भागास निराळें वजन न देतां वर्षभराच्या पावसाची चाल मोजक्याच आंकड्यांत बसविली. कारणांना आवर घातल्यावांचून त्यांतून विश्वासार्ह कांहीं निघणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

हा आवर गणितांतच बसविण्याच्या रीती पुढें निघाल्या. त्यांचें तत्त्व असें कीं, अंदाजाची चूक तर कमी व्हावीच, पण कारणांस दिलेल्या वजनाबद्दलहि दंड भरावा लागावा, आणि चूक व दंड यांची बेरीज कमींत कमी करावी. हॉर्ल व केनार्ड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या ‘रिज’ पद्धतींत दंड वजनांच्या वर्गांवर असतो; त्यामुळें सर्व वजनें आखडतात, पण सहसा एकहि शून्य होत नाहीं. रॉबर्ट टिबशिरानी यांच्या १९९६ च्या ‘लासो’ पद्धतींत दंड चिन्ह सोडून नुसत्या वजनावर असतो. तेथें पुष्कळ वजनें साफ शून्य होतात व थोडींच कारणें उरतात. पहिली रीत छाटणीसारखी, दुसरी विरळणीसारखी. दंड किती कडक असावा हें, कांहीं वर्षें बाजूस ठेवून व उरलेल्या वर्षांवरून त्यांचा अंदाज करून पाहून ठरवितात.

विरळणी नेहमींच श्रेष्ठ असें मात्र नव्हे. जनावरांच्या डीएनएवरील हजारों खुणांवरून त्यांचें पैदासमूल्य वर्तविण्याची रीत म्यूविसेन, हेज व गॉडार्ड यांनीं २००१ सालीं मांडली. दुधाचें प्रमाण असंख्य जनुकांच्या अल्प अल्प परिणामांनीं ठरतें. तेथें छाटणी शोभते. दुधांतील स्निग्धांशावर मात्र डीजीएटी-१ या एका जनुकाचा मोठा परिणाम आढळतो. असें बलवान कारण असेल तेथें विरळणीस अर्थ येतो. सारांश, रीत वस्तुस्थिति पाहून निवडावी लागते.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें यांत दोन धोके आहेत. पहिला असा कीं, पावसाचे दिवस व हवेंतील दमटपणा यांसारखीं दोन कारणें बरोबर चालत असलीं, तर लासो बहुधा एकच ठेवून दुसरें गाळतो. गाळलेलें कारण पिकास निरुपयोगी होतें असा अर्थ कोणी काढूं नये. दुसरा धोका अधिक मोठा आहे. दंडानें वजनें आखडलीं म्हणजे अंदाज सरासरीकडे ओढला जातो. मध्यम वर्षीं त्यानें हित होतें. पण घोर अवर्षणाच्या वर्षीं नुकसान प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचा संभव असतो, आणि भरपाईची खरी गरज त्याच वर्षीं असते.

म्हणून हें गणितच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. आवर नसलेलें गणित याहून वाईट. आणि पीक-कापणीच्या प्रयोगांतहि उशीर व हलगर्जी होते, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु यदृच्छेनें निवडलेल्या शेतांत पीक कापून उत्पन्न मोजण्याची जी पद्धत पांडुरंग वासुदेव सुखात्मे प्रभृतींनीं १९४० नंतरच्या दशकांत देशांत रुजविली, ती सोडून चालणार नाहीं. संगणकहि शेवटीं त्याच आंकड्यांवर शिकतो.

यासाठीं शेतकऱ्यांच्या संस्थांनीं तीन गोष्टी मागाव्या. अंदाज बांधतांना कोणतीं कारणें ठेवलीं व कोणतीं गाळलीं, तें मराठींत प्रसिद्ध व्हावें. गणितास न दाखविलेल्या वर्षांवर, विशेषतः दुष्काळाच्या व अतिवृष्टीच्या वर्षांवर, त्याची चूक किती आली तें वेगळें सांगावें. आणि अंदाज व कापणी यांत मोठें अंतर पडेल तेथें पुन्हां शेतावर येऊन मोजणी करावी. रोपें विरळतांना कोणतें उपटलें हें शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो. त्याच्या नांवें चाललेल्या गणिताची विरळणीहि त्यास पाहावयास मिळाली पाहिजे.