जवळचा कोण?
ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळली, की निरवांगीचा माणूस ॲप उघडत बसत नाही; तो टपरीवर विचारतो, तिथून निमसाखरला फोन जातो, तिथून वालचंदनगरला, आणि संध्याकाळपर्यंत रिवाइंडिंगवाल्याचा पत्ता लागतो. मधे कुणी मालक नसलेली संगणकांची जाळीही सुरुवातीला हेच करत. २००० साली आलेल्या नुटेला नावाच्या जाळ्यात प्रत्येक संगणक आलेला प्रश्न शेजाऱ्यांकडे ढकलायचा. प्रश्नासोबत साधारण ७ चा आकडा असे, तो दर टप्प्याला एकाने घटे आणि शून्यावर प्रश्न तिथेच मरे. गोंगाट फार, शिवाय कोपऱ्यातला कारागीर सापडेलच याची हमी नाही. २००२ च्या कॅडेम्लिया नावाच्या रचनेने तो गोंगाट मिटवला: प्रत्येकाला १६० बिटांचा क्रमांक, आणि दर पावलाला हव्या त्या क्रमांकाच्या जवळ सरकायचं. लाखोंच्या जाळ्यातही वीसेक पावलांत काम होतं. पण हे ‘जवळ’ निव्वळ आकड्यांचं. निरवांगीचा शेजारी ब्राझीलमध्ये निघू शकतो. तो काय मोटार भरून देणार? म्हणून काही रचनांत नकाशाचे चौकोन पाडून त्या चौकोनांनाच क्रमांक देतात. युक्ती बरी आहे, पण माझा तिच्यावर पुरता विश्वास नाही. नीरा नदीपलीकडचा माळशिरस तालुका चौकोनात अगदी लगटून दिसेल. कारागिराला मात्र पुलावरून वळसा घालून यावं लागतं, आणि त्या वळशाचं पेट्रोल तो बिलात लावतोच.