दारी शेवगा, ताटात नाही

दिवेलागणीला एखादे लहान मूल घरातल्या घरात ठेचकाळू लागले, पुढ्यातली वाटी चाचपडू लागले, की आपण लगेच शेरा मारतो, ‘धांदरट आहे.’ मला या शेऱ्याची धास्ती वाटते. ते मूल रातांधळेपणाने चाचपडत असू शकते, आणि ती ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याची पहिली खूण आहे. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे ठिपके दिसतात. इथवर इलाज होतो. बुबुळ मऊ पडून फुटले की गेलेली दृष्टी परत येत नाही.

शिवाय प्रश्न नुसत्या डोळ्यांचा नाही. इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे जीवनसत्त्व दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते.

आपल्याकडे १९७० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, मग दर सहा महिन्यांनी तितकेच. पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. सुईबरोबरचे डोस घरच्यांच्या लक्षात राहतात. पुढे सुई संपते आणि आठवणही संपते, असे मला वाटते. यकृतात साठा होतो म्हणून सहा महिन्यांचे अंतर चालते. पण त्याच कारणाने मनाने जादा पाजू नये, ते बाधते.

रोजची भरती मात्र ताटातूनच व्हायची. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला शेळीपुढे टाकतो! शेळीची चैन होते. हाच कोवळा पाला बारीक चिरून, शिजवून, वरणात घोटून मुलाला द्यावा, वर चमचाभर तेल किंवा तूप. स्निग्धाशावाचून हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. लाल भोपळा, पपई, आंबा, अंड्याचा बलक हेही आहेतच.

आणि गोवर आला की काय होते? घरात फोडणी बंद, मुलाला तेल-तूप वर्ज्य. नेमका याच आजारात शरीरातला साठा झपाट्याने उतरतो. म्हणून तर गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस डोस द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दाराला कडुनिंबाची डहाळी लावा, देवीची ओटी भरा, माझी हरकत नाही. मुलाच्या मऊ भातावरचे तूप तेवढे काढू नका, आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या.