वारसा हवा, विटाळ नको



बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उतरणाऱ्या बायांच्या अंकात मद्य बनवणारीची गोष्ट कशाला, असे तुमच्यातल्या अनेकींना वाटेल. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार आपण रोज पाहतो. त्याबाबतची आपली भूमिका तसूभरही बदललेली नाही. इथे प्रश्न वेगळा आहे. तो बाईच्या कामाचा, कसबाचा आणि वारसाहक्काचा आहे.

जपानमधल्या हिरोशिमा प्रांतात, आकित्सु या समुद्रकाठच्या गावी इमादा कुटुंबाची १८६८ पासूनची मद्यशाळा आहे. साके हे तांदळाचे मद्य तिथे बनते. १९७० च्या दशकापासून साकेचा खप घसरत गेला, शेकडो लहान मद्यशाळा बंद पडल्या. मिहो इमादा ही या घरची लेक. तोक्योतले नोह नाट्यप्रयोगांचे काम सोडून १९९४ मध्ये ती घरी परतली, काम शिकली आणि ‘तोजी’, म्हणजे मुख्य कारागीर झाली. मोठ्या कारखान्यांशी स्वस्ताईत स्पर्धा करणे शक्यच नव्हते. तिने हात्तानसो हे लागवडीतून गेलेले स्थानिक भात पुन्हा पिकवून घेतले आणि त्याचे साके केले.

हे काम कष्टाचे. थंडीत तांदूळ सडायचा, धुवायचा, वाफवायचा. उबदार खोलीत पसरून त्यावर कोजी ही बुरशी शिंपायची आणि सुमारे दोन दिवस, रात्रीसुद्धा उठून, तो हाताने वरखाली करायचा. किती ऊब हवी, वास कसा यायला हवा, हे हाताला आणि नाकाला कळावे लागते. पीठ आंबले की नाही, हे आपल्यालाही कुणी शिकवले होते?

आणि नेमक्या याच कामातून बायांना हाकलले गेले! प्राचीन काळी हे मद्य बायाही करीत. ‘तोजी’ हा शब्दच घरच्या कर्त्या बाईवरून आला, असे काही अभ्यासक मानतात. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) धंदा वाढला आणि बाईला उंबरठाबंदी झाली. कारण काय, तर पाळीचा विटाळ. बाई आत आली की देवता कोपते, मद्य नासते! लोणच्याच्या बरणीला शिवू नको, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नवे नाही.

२०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत मिहोचे नाव आले. २०२४ मध्ये युनेस्कोने साके बनवण्याच्या पारंपरिक कौशल्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. वारसा म्हणजे काय, हे मात्र मिहोच्या कामातून नीट कळते. तिने कसब जपले, विटाळ टाकून दिला. परंपरेच्या नावाखाली या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आपल्यापुढे ठेवल्या जातात. ते गाठोडे सोडून निवड करण्याचा हक्क आपला आहे. अर्थात, मिहोच्या पाठीशी घरची मालकी होती. ती नसलेल्या बाईला हा उंबरठा किती उंच, हेही विसरायला नको.

आपल्याकडेही माती मळते बाई, पण कुंभाराच्या चाकाला तिने हात लावायचा नाही. शेतात राबते बाई, पण नांगर धरायचा नाही. तुमच्या गावात असा कोणता उंबरठा आहे? तो कुणी ओलांडला? जरूर लिहा.

– संपादक मंडळ