पंचावन्न जणांचा बहाणा

सप्टेंबर 2020 मध्ये एल साल्वादोरचे एक न्यायाधीश लष्कराचे जुने कागद तपासायला गेले आणि सैनिकांनी त्यांना दारातच अडवलं. पुढच्या वर्षी तो खटलाही त्यांच्या हातून गेला. खटला एल मोसोतेचा. डिसेंबर 1981 मध्ये, बंडखोरांविरुद्धच्या यादवी युद्धात, मोरासान प्रांतातल्या या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत लष्कराच्या अत्लाकात्ल बटालियनने हजाराच्या घरात माणसं मारली. 1992 मध्ये चर्चशेजारची पडकी वास्तू उकरली, तेव्हा एकाच ठिकाणी 143 सांगाडे निघाले. त्यांतले 131 बारा वर्षांखालच्या मुलांचे. 184 पुंगळ्यांवरचा ठसा वाचता आला. दारूगोळा अमेरिकी सरकारसाठी मिसुरीतल्या कारखान्यात बनलेला होता.

या क्रौर्याबद्दल तुम्हाला वेगळं पटवायची गरज नाही. आमचा रोख आहे तो अमेरिकेच्या एका निगरगट्ट सबबीवर: ‘आम्ही लढलो नाही, फक्त शिकवलं.’

अमेरिकेने तिथल्या आपल्या लष्करी सल्लागारांची संख्या 55 वर बांधून घेतली होती, आणि हा आकडा संयमाचा दाखला म्हणून मिरवला जातो. मोजणी कशी होती ते पाहा. दूतावासातले लष्करी अधिकारी त्यात नाहीत. वैद्यकीय पथकं नाहीत. थोड्या दिवसांसाठी येऊन जाणारे नाहीत. शिक्षक वाढवता येईनात, तेव्हा शिकणारेच देशाबाहेर नेले: फोर्ट ब्रॅगला, फोर्ट बेनिंगला, आणि 1983 पासून शेजारच्या होंडुरासमध्ये उघडलेल्या केंद्रात. दहा-बारा हजारांचं सैन्य दशकभरात पन्नास हजारांच्या पुढे गेलं. त्यामागे अमेरिकी मदत होती, दिवसाला सरासरी दहा लाख डॉलरहून अधिक. अत्लाकात्ल ही तर सल्लागारांनीच 1981 मध्ये तयार केलेली पहिली शीघ्र कृती बटालियन. एवढं उभारणाऱ्यांची डोकी मोजून जबाबदारी ठरवायची? आणि ‘लढलो नाही’ म्हणणाऱ्या देशानेच 1996 मध्ये आर्लिंग्टनच्या दफनभूमीत एल साल्वादोरमध्ये मेलेल्या आपल्या 21 जणांचं स्मारक उभारलं.

‘तिथल्या सरकारनेच बोलावलं होतं,’ असं म्हणतात. वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानेही इंग्रजांची फौज स्वतःच मागून घेतली होती. बोलावणाऱ्याची सही असली म्हणून पाहुण्याचे हात स्वच्छ ठरत नाहीत. शिवाय फेब्रुवारी 1980 मध्ये आर्चबिशप रोमेरो यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून लष्करी मदत थांबवा अशी विनंती केली होती. ती ऐकली नाही. पुढच्याच महिन्यात रोमेरो यांनाच वेदीसमोर गोळी घातली.

दुसरं म्हणणं ऐकून तर तळपायाची आग मस्तकात जाते: सल्लागार होते म्हणून सैन्य हळूहळू माणसाळलं. 27 जानेवारी 1982 रोजी दोन मोठ्या अमेरिकी दैनिकांनी एल मोसोतेची बातमी छापली. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनने एल साल्वादोरमध्ये मानवी हक्कांची स्थिती सुधारत असल्याचं प्रमाणपत्र दिलं आणि मदत चालू राहिली. नोव्हेंबर 1989 मध्ये त्याच अत्लाकात्लच्या जवानांनी विद्यापीठाच्या आवारात सहा जेझुइट धर्मगुरूंना, त्यांच्या स्वयंपाकीणबाईंना आणि त्या बाईंच्या सोळा वर्षांच्या मुलीला मारलं. त्याच्या आदल्या काही दिवसांत अमेरिकी प्रशिक्षक याच तुकडीला शिकवत होते. आठ वर्षांत माणसाळलं ते हे?

बंडखोरांनीही माणसं मारली, हे खरं आहे. त्यांनी महापौर मारले, आणि त्याचं समर्थन आम्ही करणार नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाकडे आलेल्या साक्षींपैकी सुमारे 85 टक्के सरकारी यंत्रणा आणि तिच्याशी जोडलेल्या टोळ्यांवर बोट ठेवतात, बंडखोरांवर सुमारे 5. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या देशाने बटालियन घडवली, त्याने तिच्या प्रशिक्षणाचे सगळे कागद, एकही ओळ न झाकता, एल मोसोतेच्या न्यायालयात दाखल करावेत. आणि उद्या कोणतंही सरकार, आपलंसुद्धा, दुसऱ्या देशातलं बंड मोडायला ‘फक्त प्रशिक्षक’ पाठवू लागलं, तर ते निघण्याआधीच विचारा: त्यांनी शिकवलेल्या तुकडीने गाव कापलं, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुमचं कोण उभं राहणार?